तो कंस कुणाचा?

दादाचा फोन आला तेव्हा मी व्यापार परिषदेच्या इमारतीत कॉफीच्या रांगेत उभी होते. काउंटरवरच्या टीव्हीत आणखी एक बँक बुडाल्याची बातमी चालू होती.

"काय गं शहाणे, झालं का तुमचं?"

"एकच कंस राहिलाय, दादा."

"गणिताचा पेपर देतेस की काय तिथे? इकडे गिऱ्हाईक म्हणतंय, त्यांचं सरकार सोमवारी आयातशुल्क वाढवणार. तसं झालं तर लेथ कायमचा बंद. तुझ्या वहिनीने कामगारांना अजून सांगितलेलं नाही."

दादा-वहिनीच्या कारखान्यात सायकलच्या चाकांचे हब बनतात. बहुतेक सगळे एकाच देशात जातात. त्या देशाला आम्ही आपसात 'पोलादवाले' म्हणतो, कारण वाटाघाटीत त्यांचा जीव पोलादात अडकलेला असतो. तसेच 'दूधवाले' आणि 'बेटवाले'. आम्हाला ते काय म्हणतात, ते मी अजून विचारलेलं नाही.

मी पदार्थविज्ञान शिकले आणि आमच्या शिष्टमंडळात शुल्काची आकडेमोड करते. बँकांच्या संकटावर जो करार व्हायचा होता, त्याच्या मसुद्यातलं सगळं ठरलं होतं, फक्त हे वाक्य सोडून: [संकट टळेपर्यंत कोणताही देश आयातशुल्क वाढवणार नाही.] चौकोनी कंस म्हणजे कुणाची तरी हरकत. ज्याने टाकला त्यानेच तो काढायचा. टाकणाऱ्याचं नाव मात्र लिहायचं नाही, म्हणजे माघार घेताना कुणाला मान खाली घालावी लागत नाही. नाव विचारणंही असभ्य. संध्याकाळच्या बैठकीपर्यंत कंस निघाला नाही, तर अध्यक्ष ते वाक्यच वगळणार होते.

माझ्या पुढे पोलादवाल्यांची आकडेवाली उभी होती. दादाचा आवाज अजून कानात होता. मी असभ्यपणा केला.

"तुमचा कंस काढा की आता."

"आमचा?" ती गर्रकन वळली. "आम्ही तर तुमची वाट बघतोय! सगळे थांबणार असतील तर आमचं सरकारही थांबेल. एकट्याने थांबलो तर घरी हसं होईल आमचं."

कॉफी तिथेच सोडून मी निघाले. प्रयोगात अनपेक्षित आकडा आला की मी सगळं पुन्हा तपासते; आताही तेच करायचं होतं. दूधवाल्यांचा वकील जिन्यात सँडविच खात होता.

"आमचा नाही," तो म्हणाला. मग इकडेतिकडे बघून हळूच, "पण आमचाच असल्यासारखं दाखवून, तो काढायच्या बदल्यात आम्ही लोण्यावर सवलत मागून ठेवलीय. कुणाला सांगू नकोस."

बेटवाल्या आजीबाई खळखळून हसल्या. "अगं पोरी, आमचा असता तर आम्ही तो कधीच चांगल्या भावात विकला असता!"

एकेक नाव खोडत उरला एकच देश. मी धावतच आमच्या खोलीत शिरले. शिष्टमंडळाच्या प्रमुख मॅडम भाषणावर शेवटचा हात फिरवत होत्या. विषय: काही सदस्यांचा आडमुठेपणा.

"मॅडम, तो कंस आपला आहे."

"काहीतरीच काय!"

"बाकी सगळ्यांना विचारून आले."

"विचारून आलीस?" त्यांनी कपाळाला हात लावला. मग तो हात तिथेच राहिला. "थांब. उन्हाळ्याच्या सुरुवातीला... आपल्या बँका अजून धड होत्या तेव्हा. आपल्याला स्वतःलाच शुल्क वाढवायची मुभा हवी होती. अगं बाई! मीच म्हटलं होतं, तूर्त कंसात ठेवा."

"मग काढा ना."

"काढायचा अधिकार आहे मला. तोंड कुठून आणू? दोन दिवस सगळ्यांना झापतेय मी या कंसावरून!"

"माझ्या दादाचा लेथ बंद पडेल, मॅडम."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भाषणाची घडी केली आणि पर्समध्ये कोंबली.

संध्याकाळी अध्यक्षांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. म्हणजे आता कुणाचं पाल्हाळ चालणार नाही. मॅडमनी देशाच्या नावाची पाटी उभी केली. बोलायची परवानगी मागायची ती खूण. समोरच्यांनी आणखी एका व्याख्यानाच्या तयारीने खुर्चीत अंग टाकलं.

"अध्यक्षमहाराज, तो कंस आमचा आहे. आम्ही विसरलो होतो. काढतो."

मग बेटवाल्या आजीबाईंना हसू फुटलं, आणि ते टेबलभर पसरत गेलं. दूधवाल्यांचा वकील तेवढा हसत नव्हता. त्याचं लोणी वितळलं होतं.

"वाक्य कंसाविना वाचतो," अध्यक्ष म्हणाले. "कुणाची हरकत?"

आता कुणीही नवा कंस टाकू शकत होतं. वकिलाचा हात पाटीकडे गेला. त्याचं लोण्याचं गुपित एव्हाना टेबलभर झालं होतं; पलीकडून आकडेवालीने त्याच्याकडे बघत विचारलं, "लोणी?" हसण्याची दुसरी लाट उठली. त्याने पाटीमागचा पाण्याचा ग्लास उचलला आणि घटाघटा प्यायला.

अध्यक्षांचा हातोडा पडला: मंजूर. मॅडमनी माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली.

बाहेरच्या व्हरांड्यातून मी फोन लावला.

"दादा, निघाला कंस! सोमवारी कुणीच शुल्क वाढवत नाही!"

"काय सांगतेस! कुणाचा होता गं तो मेला कंस?"

"आपलाच."

"आपला? आणि मी इतके दिवस त्या पोलादवाल्यांना शिव्या..." तो स्वतःशीच हसला. "थांब, थांब, तुझ्या वहिनीला सांगतो."

फोन त्याने बाकावरच टाकला असावा. मला त्याच्या धावत्या चपला ऐकू आल्या, वहिनीचं "अहो, खरंच?", आणि मग तिचा खणखणीत आवाज, "जेवायची सुट्टी संपली बरं का, चला!"

भर संध्याकाळी कसली जेवायची सुट्टी? कामगारांना खरं कारण सांगायला नको म्हणून वहिनीने ती दुपारपासून लांबवली असणार. पण लेथ सुरू झाला, आणि मग त्याच्या आवाजापुढे मला काहीच ऐकू येईना.