समईखालची बारा शब्दांची वही

“आई, हे बारा शब्द हातानं लिही. फोटो काढू नकोस. कुणी कितीही गोड बोललं तरी सांगू नकोस.”

मित्रांनो, गौरवचं हे बोलणं मला अजून आठवतं, कारण त्याच वेळी माझ्या शेवटच्या पानावर पेन टेकलं होतं. मी एक जुनी जपाची वही आहे, लाल कापडी पाठीची, दोऱ्यानं शिवलेली. डहाणूच्या बाजारातून नयनाबाईंनी मला घरी आणलं, हळदकुंकू लावलं आणि रोज आंघोळीनंतर एकशे आठ वेळा ‘नमः शिवाय’ लिहायचा नेम धरला. शेजारणी म्हणत, “काय अक्षर आहे हो!” कौतुक बाईंचं व्हायचं, फुगायचे मात्र मी.

पुढे त्यांचा मुलगा गौरव पुण्याला नोकरीला लागला. परदेशी कंपनी त्याला थोडा पगार डिजिटल नाण्यांत द्यायची. त्यातली काही तो आईच्या मोबाइलमधल्या वॉलेटमध्ये पाठवायचा. त्या वॉलेटची किल्ली म्हणजे माझ्यातले ते बारा इंग्रजी शब्द. पण माझी पानं भरली, नवी वही आली आणि मी देवघरात समईखाली गेले. तेल ठिबकायचं. कुणी बघायचं नाही.

यंदाच्या श्रावणातली गोष्ट. तलासरीकडच्या पाड्यावरून बुधीबाई बेल घेऊन यायची. वीस वर्षांत तिनं तुटकं पान दिलं नव्हतं. त्या रविवारी टोपलीतला निम्मा बेल दोन पानांचा निघाला.

“बुधीबाई, महादेवाला तीन पानांचा लागतो. विसरलीस होय गं?”

“विसरेन कशी बाय? आता बोटांनी चाचपून तोडते. डोळ्यापुढं धूर हाय.”

नयनाबाईंनी तिला तसंच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी काचबिंदू सांगितला. आठवड्याच्या आत शस्त्रक्रिया झाली नाही, तर उरलेली नजरही जाईल म्हणाले. खर्च ऐकून बुधीबाई टोपली उचलून निघाली. नयनाबाईंनी तिचा हात धरला. “बुधवारी मी येते. मी नेईन तुला.”

सोमवारी सकाळी गौरवचा व्हिडिओ कॉल आला. “आई, बुधीबाईच्या खर्चासाठी नाणी पाठवतोय. वॉलेटवर नेटवर्कचं नाव काय आहे, वाच ना.” पण श्रावणी सोमवारी दुपारपर्यंत बाईंचं मौन. जपाखेरीज अक्षरही लिहीत नाहीत. त्यांनी नुसते हात जोडले.

“बरं, तुझ्या महादेवाचं मौन वाटतं! मी बघतो,” म्हणत त्यानं घाईत कमी फीचं नेटवर्क निवडलं.

संध्याकाळी पाहिलं तर वॉलेट रिकामं. पत्ता बरोबर होता, पण नाणी दुसऱ्याच नेटवर्कवर उतरली होती. नरपड गावचं पार्सल त्याच घरनंबरानं दुसऱ्याच गावी, चिखल्याला जावं, तसं.

शेजारचे मनिषभाऊ धावत आले. त्यांना इंटरनेटवर कुणी मदतनीस सापडला होता. “नयनाताई, बारा शब्द पाठवा. दहा मिनिटांत परत आणतो म्हणतो.”

“त्याला एवढी घाई कशाची हो?”

“अहो, घाई तुम्हाला आहे ना?”

“आहे. म्हणून घराची किल्ली वाटसराला देऊ? तुमच्या घराची देऊन बघा आधी.”

मनिषभाऊंनी मोबाइल खिशात घातला आणि चहाचा कप उचलला.

मंगळवारी गौरव स्वतः आला. आईच्या मोबाइलमधलं ॲप ते दुसरं नेटवर्क दाखवतच नव्हतं. पण दोन्हीकडे किल्ली एकच चालत होती. दुसऱ्या ॲपमध्ये तेच बारा शब्द भरायचे होते. मला समईखालून काढलं, आणि पाहतात तर सातवा शब्द तेलानं फुटलेला! सुरुवातीची चार अक्षरं तेवढी दिसत होती. बाईंचा चेहरा उतरला. मला तर पानांत तोंड लपवावंसं वाटलं.

गौरवनं मला उजेडात धरलं. “आई, घाबरू नकोस. या शब्दांची यादी ठरलेली असते. पहिली चार अक्षरं सारखी असलेले दोन शब्द तिच्यात नसतात.” त्यानं यादीतून तो शब्द हुडकला. नाणी दिसली. तिथल्या फीपुरतं त्या नेटवर्कचं नाणं घालून त्यानं ती घरी आणली आणि विकून बुधीबाईच्या खर्चाचे रुपये केले.

“मौनात निदान मान हलवून ‘थांब’ तरी सांगायचं!” गौरव म्हणाला.

“आणि तू दुपारपर्यंत थांबायचं.”

मित्रांनो, माझी चार अक्षरं वाचली हे नशीब. दर वेळी वाचतीलच असं नाही. ज्या वहीवर भरवसा ठेवता, तिला कोरडी जागा द्या. वर्षातून एकदा तरी उघडून बघा. आणि काही पाठवण्याआधी घटकाभर थांबून विचारा.

बुधवारी सकाळी बाईंनी जप पुरा केला. मला कपाटात ठेवलं, दोघींपुरती भाकरी डब्यात भरली आणि आवाज न करता दार ओढून घेऊन त्या तलासरीच्या रिक्षेकडे चालू लागल्या.