नाव न घेता सोडलेले पाणी

१९४६ सालची गोष्ट. तेव्हा मी देवळाली प्रवरेत नृसिंहभटजींच्या देवघरात होते. मित्रांनो, मी एक जुनी, तांब्याची पळी आहे. तांबटाने मला ठोकून घडवले आणि दांड्याच्या टोकाला छोटा नाग काढला. पंचपात्रातले पाणी उचलून माणसाच्या तळहातावर घालायचे, हे माझे काम. हातावर पाणी घेऊन माणूस देवासमोर काही ठरवतो, ते पाणी ताम्हणात सोडतो, म्हणजे त्याचा संकल्प होतो. गावातली कितीतरी लग्ने माझ्या पाण्याने लागली. लोक म्हणत, भटजींची वाणी म्हणजे घंटा.

पुढे त्या वाणीला दारूचा वास येऊ लागला.

घरात दोन मुले होती, दहा वर्षांची सुचित्रा आणि सहा वर्षांचा मार्तंड. अंगणात वडिलांच्या वहाणा कशा वाजतात, यावरून मार्तंडाला कळे की खेळायचे की कोठीत लपायचे. सुचित्रा दारात उभी राहून खोटे बोलायला शिकली.

"भटजी हायेत का गं?" शेजारच्या मळ्यातल्या रंगुबाई विचारत. "सत्यनारायन हाय आज. पाव्हनं येऊन बसल्यात."

"बाबांना ताप आहे."

"आजबी? लई शाना ताप हाय बाई. बाजाराच्या दिशीच चढतो."

असे म्हणत, पण जाताना पोरीच्या हातावर गुळाचा खडा ठेवत.

शेवटी आई, अंबिकाबाई, मुलांना घेऊन नगरला भावाकडे जायला निघाल्या. बोचके बांधून झाले. तेव्हा भटजी अंघोळ करून देवघरात येऊन बसले. "सुचे, इकडे ये. तुझ्या हाताने पाणी घाल."

तिने मला धरले. बाबांच्या तळहातावर पाणी घातले, एक थेंबही सांडला नाही. "आजपासून सोडली," भटजी म्हणाले आणि त्यांनी पाणी ताम्हणात सोडले.

बोचक्याची गाठ सुचित्रानेच सोडली. "आई, नको ना जाऊ. बाबांनी पाणी सोडलंय, देवासमोर." आई मुलीच्या शब्दावर राहिल्या. पोर कुंपणाशी धावत जाऊन रंगुबाईंना सांगून आली, "आमच्या बाबांचा ताप गेला."

महिना गेला. एका सकाळी पूजा उरकून भटजी अंगणात गेले होते. मार्तंडाला शाळेत पाढे म्हणून दाखवायचे होते. तीर्थ घेतल्याशिवाय तो जाईना, आणि ताम्हणातले तीर्थ तर तुळशीला घातलेले. सुचित्राने पंचपात्रातले पळीभर पाणी त्याच्या हातावर घातले. त्याने ते ओठांना लावले आणि ठसका लागून तो रडू लागला.

"ताई, देवाचं पाणी तिखट झालंय."

तिने मला नाकाशी नेले. मित्रांनो, सोवळ्यातल्या भांड्याला घरात कोणी हात लावत नाही, म्हणून पूजा उरकली की भटजी पंचपात्रात दारू ओतून ठेवत. दिसायला पाण्यासारखीच. मी तिच्यात बुडून असे. पण मला वाचा कुठे?

भटजी दारात आले. "आईला सांगू नकोस."

"बाबा, तुम्ही पाणी सोडलं होतं."

"वेडे, संकल्पात नाव घ्यावं लागतं. मी कशाचं नाव घेतलं होतं?" आणि ते हसले.

यजमानाचे एक गोत्र चुकले तरी हे भटजी त्याला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत. पोटच्या पोरीला मात्र त्यांनी तिच्या अजाणपणात फसवले, आणि तिच्याच हाताने. त्या दिवसापासून माझ्या पाण्यावर माझाही विश्वास उरला नाही.

सुचित्रा रडली नाही. आई विहिरीवरून आल्यावर तिने मला त्यांच्या हातात दिले. त्यांनी वास घेतला. बोचके या वेळी मुलीनेच बांधले, त्यात मलाही घातले. "आई, चल."

मित्रांनो, "आईला सांगू नकोस" म्हणून कोणी मोठ्या माणसाने आपले ओझे तुमच्याकडे दिले, तर ते झाकून ठेवू नका. ते तुमचे नाही.

भटजी काही वर्षांनी देवळाच्या ओवरीत वारले. शेवटचे पाणी त्यांना रंगुबाईंनी पाजले. अंबिकाबाईंनी शिवणकाम करून मुले वाढवली, आणि नातवंडे पाहून त्या गेल्या. मार्तंड अकोल्याला मास्तर झाला. दारूला कधी शिवला नाही, पण अजून पाण्याचा पेला आधी नाकाशी नेतो. सुचित्रा आता आजी आहे. चिंच लावून ती मला लखलखीत घासते, पण पूजेत घेत नाही. नातवंडे काही कबूल करू लागली, की ती एवढेच म्हणते, "नाव घे. काय सोडलंस, त्याचं नाव घे."