बाटलीतली भरती

गावच्या नाचघरात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. डेन्मार्कहून आलेल्या अस्गरने माझ्या ताईच्या, सुन्वाच्या जिभेवर समुद्री शेवाळाच्या अर्काचे थेंब टाकले आणि तिला रिंगणात उभं केलं. सगळ्यांनी हात धरले, पावलं लाकडी जमिनीवर आपटू लागली, आणि शब्द आठवत नाहीत म्हणून रिंगणाचं पुढारपण सोडून बसलेल्या सुन्वाने अख्खा पोवाडा म्हटला. बायका रडल्या. मला काही वाटलं नाही. आई गेल्यापासून मला फारसं काही वाटतच नाही.

अस्गर सांगत होता, "बायकांच्या डोक्यात समुद्र असतो. पन्नाशीला ओहोटी लागते. माझे थेंब भरती आणतात." चहूबाजूंनी समुद्र असलेल्या आमच्या फेरो बेटांवर समुद्रच बाटलीत भरून विकायचा, याला छातीच लागते. बाटल्या हातोहात खपल्या.

आमचे पोवाडे कुणी एकट्याने म्हणत नाही. पुढारी कडवं उचलतो, रिंगण ते ओढून नेतं. पण सुन्वाची पाळी मागेपुढे व्हायला लागली, अंग एकाएकी तापू लागलं, झोप उडाली, बोलताना शब्द सापडेनासे झाले. तेव्हापासून ती घरी एकटीच खुर्चीत बसून स्वतःची परीक्षा घ्यायची आणि दरवेळी नापास व्हायची. आईच्या विसरण्याच्या आजाराचीही सुरुवात अशीच झाली होती. शेवटी ती आम्हा दोघींना ओळखत नव्हती. डॉक्टर तेच सांगतील या धास्तीने सुन्वाला थेंब बरे वाटत होते.

मीच मग डॉक्टर एल्स्पांना जेवायला बोलावलं. वाळवलेलं मटण कापता कापता त्या म्हणाल्या, "सुन्वा, थेंब घे आणि तो पोवाडा इथे बसून म्हण बघू."

सुन्वाने थेंब घेतले. थोडी कडवी झाली आणि ती अडकली. पुन्हा घेतले, पुन्हा तिथेच अडकली. तिचा चेहरा उतरला.

एल्स्पांनी बाटली कपाटात ठेवली, आम्हा दोघींचे हात धरले आणि स्वयंपाकघरातच फेर धरला. पावलं पडू लागली तसं अडलेलं कडवं आलं, पुढचंही आलं.

"आठवण ही पावलं देतात, शेजारचे आवाज देतात," एल्स्पा म्हणाल्या. "अस्गर थेंब पाजून लगेच रिंगणात ढकलतो आणि नाव बाटलीचं होतं."

"मग मला झालंय काय? आईसारखंच ना?"

"तपासल्याशिवाय नाही सांगणार. पण एस्ट्रोजेन, म्हणजे पाळी चालवणारं संप्रेरक, मेंदूतही काम करतं, बाई. पाळी जाताना ते वरखाली होतं, त्यात झोप मोडते, मग शब्द चटकन हाताला लागत नाहीत. बहुतेकींचं पुढे सावरतं. त्रास फार असेल तर औषधं आहेत, तुझी तब्येत बघून ठरवू."

सुन्वा तपासणी करून आली. आईचा आजार निघाला नाही. मी बरं म्हटलं आणि भांडी घासायला घेतली.

पुढच्या रविवारी अस्गरने बाटली पुढे केली तेव्हा सुन्वाने तोंड उघडलं नाही. त्याला बाजूला सारून ती रिंगणात शिरली आणि थेंबांशिवाय अख्खा पोवाडा म्हणाली. मग बाटलीसाठी रांगेत उभ्या बायकांकडे वळली.

"ही बाटली आपल्या भीतीवर चालते, बायांनो. आता घरी जाऊन थेंब घ्या आणि एकटीने पोवाडा म्हणून बघा. पाळी जाणं हा रोग नाही, विसरायला होणं ही लाज नाही. घाबरायचंच असेल तर आधी तपासून घ्या, मग घाबरा."