दगडफूल

खतिजानं भाजलेलं खोबरं परातीत उपसलं आणि कढईत दगडफूल टाकलं. आतापर्यंत सगळं डोळ्यांनी आणि कानांनी निभावलं होतं. धने तडतडले, तीळ उडाले, खोबरं तांबूस झालं. दगडफूल मात्र मुळातच काळपट. ते भाजलं की करपलं, हे फक्त नाक सांगतं.

आणि दुसऱ्या लाटेत करोना होऊन गेल्यापासून खतिजाला कसलाच वास येत नव्हता.

हे एकट्या नाजियाला, तिच्या सुनेला, ठाऊक होतं. ती शेजारी मिरच्यांची देठं खुडत बसायची आणि वास सुटला की ओढणी सारखी करून खूण करायची. आज ती लग्नासाठी माहेरी, शिरोळला गेली होती. आणि समोर स्टुलावर बयाबाई बसली होती.

कुरुंदवाडची बयाबाई दर उन्हाळ्यात वर्षाची मसाल्याची चटणी मिरच्या कुटायच्या याच कांडपात करून न्यायची. तिच्या नाकाचा दरारा होता. शेजारणीच्या चटणीत जुनं खोबरं आहे, हे तिनं म्हणे डबा उघडायच्या आधी सांगितलं होतं. भाजणारीलाच वास येत नाही, ही बातमी तिच्या तोंडून बाहेर पडली असती तर खतिजाला शेगडी विझवून घरीच बसावं लागलं असतं.

खतिजानं बयाबाईच्या तोंडावर नजर ठेवली. नाकपुडी हलली की कढई उतरवायची.

“काय टकामका बघायलीस? सोनं घातलंय व्हय नाकात?”

“न्हाय आक्का. वाळलासा जरा.”

“आमच्या सुनंच्या, स्वप्नालीच्या हातचं खाऊन वाळणार न्हाय तर काय. चव म्हणून न्हाय कशाला.”

उलथनं फिरत राहिलं. धूर निळसर झाला. खतिजाला ठसका लागला, पण मिरचीच्या कांडपात ठसका सगळ्यांनाच लागतो. बयाबाईचा चेहरा हलला नाही.

पलीकडं मशीन चालवणारा गुंडू ओरडला, “भाभी, काय जळालंय?”

खतिजाचा हात थांबला.

“काय जळत न्हाय,” बयाबाई म्हणाली. “मी हितं बसलीया न्हवं? तू तुझी मिरची बघ.”

आवाज चढा होता. नजर मात्र कढईत खालीवर होत होती, रंग शोधत. ती नजर खतिजाच्या ओळखीची होती. गेले कित्येक उन्हाळे ती स्वतः अशीच बघत आली होती.

आक्का म्हणतात तर न्हायच जळत, एवढं म्हटलं असतं तर दोघींची झाकली मूठ राहिली असती. आणि कुरुंदवाडात दहा किलो कडू चटणी वर्षभर लोकांच्या ताटात पडली असती.

खतिजानं फडक्यानं कढई धरली, दारापर्यंत नेली आणि दगडफूल मातीत ओतलं.

“अगं, माझा माल,” बयाबाई पुटपुटली. तिच्या आवाजात राग नव्हता.

“माझ्यातलं घालते. गुंडूभाऊ, मशीन बंद करा. हितं येऊन हुबं ऱ्हावा.”

“मी? कशाला?”

खतिजानं कढई पुसून शेगडीवर ठेवली. नवं दगडफूल टाकताना तिनं मान वर केली नाही.

“वास सुटला की सांगा. मला येत न्हाय. करोनापासनं.”

मशीन थांबलं. हात झटकत गुंडू आला आणि आधी तिच्याकडं, मग बयाबाईकडं बघत राहिला. बयाबाईनं स्टूल सरकवून त्याला जागा करून दिली. पदराच्या टोकाला ती बराच वेळ पीळ घालत होती.

“दोघींस्नी सांग,” ती म्हणाली.