अंगावरचा रंग

गेल्या साली सगळ्या नवरीमुलींना आकाशी फुलं हवी होती, त्याआधी हिरवट. यंदा न गुलाबी न बदामी असा मधलाच रंग निघाला होता. मासिकांत त्याला मोठं गोड नाव होतं. फुलवाल्या मावशीला तो सरळ माणसाच्या कातडीचा रंग वाटला, पण गिऱ्हाइकासमोर असलं बोलायचं नसतं.

आता असल्या रंगाचं फूल काही झाडाला येत नाही. मग पांढरी फुलं रंगीत पाण्याच्या बादलीत उभी करायची. देठातून पाणी वर चढतं आणि पाकळ्या रंगतात. या कामात मावशीचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण घोडं अडलं ते नेमकं घरच्याच लग्नात. बहीण गेल्यावर पोटच्या पोरीसारखी वाढवलेली भाची, आणि तिला हवा होता तोच रंग. आईविना वाढलेल्या पोरीचा एवढा हट्टही पुरवता येऊ नये, याचं मावशीला फार वाईट वाटत होतं. एका बादलीतली फुलं जांभळी झाली, दुसरीतली विटकरी.

"सरक बघू, मी ढवळते," म्हणत भाचीने बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातले.

"अगं ए! रंगलेले हात घेऊन मिरवणार आहेस का लग्नात?"

हा रंग एकदा लागला की घासून घासून नाकी नऊ येतात. भाचीचे हात मात्र स्वच्छ बाहेर आले. नुसते स्वच्छ नाहीत, तर मनगटावरचा जन्मापासूनचा तीळही गेला होता. बादली तशीच मोरीत ओतून द्यावी, असं मावशीच्या मनात आलं. पण तेवढ्यात पाकळ्यांच्या कडांना रंग चढू लागला, अगदी हवा होता तोच, आणि भाचीने नाचत तिच्या गळ्यात हात टाकले. मावशीने बादली तशीच राहू दिली. कामावर फार जीव असलेली माणसं अशीच फसतात.

लग्नाच्या सकाळी फुलं थंड कपाटातून काढली, तर ती हाताला कोमट लागली. हॉल त्यांनी भरून गेला. जो येईल तो तोंडात बोट घालत होता.

"मावशी, सगळे झकास येतायत," फोटोग्राफर जवळ येऊन म्हणाला, "पण नवरीच फिकी येतेय. लाइट बदलून पाहिला, काही उपयोग नाही."

मावशीने भाचीकडे पाहिलं. ओठ, गाल, केस, सगळंच धुऊन निघाल्यासारखं झालं होतं. तिचा रंग कुठे गेला, हे मावशीला कोणी सांगायला नको होतं. आणि तोडलेलं फूल किती टिकतं, हेही तिला चांगलं ठाऊक होतं.

आणि नवरी काय करत होती? गुच्छाची दोरी सोडून पाहुण्यांना एकेक फूल वाटत होती. "न्या ना! मावशीने जीव ओतून केलीयत."

"नको गं, देऊ नकोस!" मावशी धावली. कोणाच्या हातातून, कोणाच्या कोटावरून ती फुलं ओढून घेऊ लागली.

"एका फुलासाठी एवढं?" एक बाई फणकारली. लोक हसले. बिचारीला लग्नाची दगदग झेपली नाही, असं म्हणत फुलं घेऊन गाड्यांत बसले आणि निघून गेले. मावशीच्या ओंजळीत उरली ती चुरगळलेली, माना टाकलेली चार फुलं.

"चला, आता फक्त घरचे," फोटोग्राफरने हाक मारली. "नवरदेव मधे. मावशी, तुम्ही या बाजूला. आणि नवरीला बोलवा कोणीतरी."

नवरदेवही मान उंचावून इकडेतिकडे पाहू लागला.

मावशीच्या हातात एक गार हात आला आणि त्याने तिची बोटं घट्ट धरली.

"मावशी," अगदी कानाशी भाचीचा आवाज कापला, "हे सगळे असं काय करतायत गं? तुला दिसतेय ना मी?"

"दिसतेस की, बाळा. किती गोड दिसतेस," मावशी म्हणाली, आणि आवाज आला त्या बाजूला तोंड करून हसली.