आकाशचा परवाना आणि मी, त्याचा टेस्टर

मी एक जुना टेस्टर आहे. एवढे वाचून तुमच्यापैकी काही जण पान उलटतील, आणि मित्रांनो, मला त्याचे वाईट वाटणार नाही. टेस्टरकडे सांगण्यासारखे काय असणार? माझी लांबी वीतभरही नाही. पिवळट मूठ, पुढे पोलादी दांडी, मुठीच्या पोटात तांदळाएवढा काचेचा दिवा आणि मागे पितळी टोपी. वायरमन माझे टोक तारेला लावतो आणि टोपीवर बोट ठेवतो. तारेत वीज असेल तर माझा दिवा नारिंगी लागतो. माझे सगळे काम एवढेच. तेही मी नीट केले की नाही, याची मला खात्री नाही. म्हणून सांगायला बसलो आहे. कुठे चुकलो तर मोठ्या मनाने घ्या.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवते ते गुलमंडीच्या बाजारातले दुकान. तिथे मुकुंदवाडीचे कडुबा मिस्त्री आले आणि त्यांनी खोक्यातला एकेक टेस्टर दुकानाच्या बोर्डात लावून पाहिला. दुकानदार वैतागला.

"मिस्त्री, टेस्टर घ्यायलात का सोयरीक जमवायलात?"

"सोयरीक मोडती हो," मिस्त्री म्हणाले. "ह्याच्यावर जीव टाकायचा असतो."

शेवटी त्यांनी मला उचलले आणि आकाशला दिले. आकाश त्यांचा चेला. त्याच दिवशी त्याला वायरमनचा परवाना मिळाला होता. मिस्त्रींनी त्याला माझी रीतही सांगितली. "आधी चप्पल काढायची. पाय फरशीला टेकला पाहिजे. बोटातून येणारी वीज पायातून जमिनीत उतरती, तवाच ह्याचा दिवा दिसतो. भिऊ नको, मुंगी चावल्याएवढं बी लागत नाय."

पुढची अकरा वर्षे मी आकाशच्या शर्टाच्या खिशात काढली. मुकुंदवाडीतला असा बोर्ड नसेल, ज्यात माझे टोक गेले नाही. चौदा एप्रिलला विहाराच्या कमानीवरची रोषणाई आम्ही दोघे करायचो. चंपाबाईंची पिठाची गिरणी बंद पडली की त्या वीज मंडळाच्या कार्यालयाला फोन न करता आकाशला हाक मारायच्या. तो उंबऱ्यावर चप्पल काढायचा, मला तारेला लावायचा, माझ्याकडे बघायचा आणि मान हलवायचा. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग आकाशने ऑस्ट्रेलियाला जायचे ठरवले. त्याचे कारण साधे होते. तिथे इलेक्ट्रिशियनला मान आहे, असे त्याने ऐकले होते. त्याची बायको अमृता आणि मुलगी राजनंदिनी यांना त्याने सांगितले की तिथला परवाना हातात पडला की तुम्हाला बोलावून घेतो. व्हिसा दोन वर्षांचा होता. तेवढ्यात परवाना झाला तर सगळे तिथे, नाही तर तो परत. त्याची आई गोजरबाई गल्लीभर पेढे वाटून आली. मला वाटते, पेढे जरा लवकर वाटले गेले.

तिथे गेल्यावर कळले की मुकुंदवाडीची अकरा वर्षे तिथे एका कागदाएवढी. परदेशातल्या इलेक्ट्रिशियनने आधी वर्षभर परवाना असलेल्या माणसाच्या हाताखाली काम करायचे, रोजचे काम एका वहीत लिहायचे, त्या माणसाने वर्षाच्या शेवटी सही करायची, आणि लेखी व प्रत्यक्ष परीक्षा द्यायची. तेव्हा परवाना.

आकाशला हाताखाली घेणारा माणूस शोधण्यात बरेच महिने गेले, आणि मिळाला तो आपल्या गावाकडचाच निघाला. बद्रीनाथ, हर्सूलचा. बारा वर्षांपूर्वी गेलेला. आकाशला केवढा आनंद झाला! पहिल्या दिवशी त्याने बद्रीनाथच्या पायांना हात लावला. बद्रीनाथने पाय मागे घेतले नाहीत.

"आले का गुलमंडीचे इंजिनीअर," तो गोऱ्या कामगारांसमोर मराठीतच म्हणाला आणि मग त्यांना त्याचा अर्थ सांगून हसवले. आकाशला त्याने घरांच्या छताखालच्या माळ्यांवरून रांगत वायर ओढायला लावली, गाडी धुवायला लावली, त्याच्या डब्यातले लोणचे वाटून खाल्ले आणि डब्याच्या वासाची चेष्टाही केली. एकदा आकाश कसाबसा म्हणाला, "बद्रीभाऊ, बोर्डाचं काम कधी द्याल? वहीत लिहायला पाहिजे."

"मला तीन वर्षं झाडू मारायला लावला व्हता," बद्रीनाथ म्हणाला. "अन् तुला मी पहिल्याच वर्षी बोर्डावर बसवू? माझा झाडू काय फुकट गेला?"

त्या देशात मला कोणी मानत नव्हते. तिथला नियम असा की तार बंद आहे हे दोन टोकांच्या मीटरनेच तपासायचे. तो मीटर आधी चालू तारेवर लावून बघायचा, मग बंद तारेवर, मग पुन्हा चालू तारेवर. म्हणजे मीटरच बिघडला नाही ना, तेही कळते. माझ्यासारख्या एका टोकाच्या टेस्टरवर भरवसा ठेवायला सक्त मनाई. आकाशने नियमांचे जाडजूड पुस्तक इंग्रजी शब्दकोश घेऊन वाचून काढले. लेखी परीक्षेत तो पहिल्या फटक्यात पास झाला.

प्रत्यक्ष परीक्षेला एक पांढऱ्या केसांच्या बाई समोर उभ्या होत्या. आकाशने बोर्ड बंद केला, कुलूप घातले, मीटर तीन वेळा लावला. सगळे बिनचूक. आणि शेवटी, तारेला हात घालण्याआधी, त्याचा हात आपोआप खिशात गेला. अकरा वर्षांची सवय. त्याने मला तारेला लावले, माझ्याकडे बघितले आणि मान हलवली.

बाईंनी त्याला थांबवले. मला दोन बोटांत धरून टेबलावर ठेवले, मेलेले झुरळ ठेवावे तसे. तुमचा मीटरवर विश्वास नाही का, एवढेच त्यांनी मृदूपणे विचारले. आकाश नापास झाला.

त्या दिवशी अमृताचा फोन आला. "झालं का हो?"

"झालं. रिझल्ट लेट हाय."

"बरं झालं. मी राजनंदिनीचा शाळेतून दाखला काढून आणला. जूनमधी तिकडंच नाव घालू. तिच्या बाई म्हणाल्या, आता परत येऊ नका बरं का!" अमृता हसली. आकाशही हसला. फोन ठेवल्यावर त्याने मला हातात घेतले. मला वाटले, आता फेकून देईल. त्याने फेकायला हवे होते, मित्रांनो. पण त्याने मला पुन्हा खिशात ठेवले.

दुसऱ्यांदा परीक्षा द्यायला एकच संधी व्हिसात बसत होती. आकाशने घोकून घोकून हात वळवला. आणि तो पास झाला! त्या दिवशी त्याने मला मुद्दाम खोलीवरच मोज्यात घालून ठेवले होते, त्यामुळे मला ते बघायला मिळाले नाही. आता राहिली होती फक्त वहीवरची बद्रीनाथची सही. वर्ष भरून ती मिळायला आठवडा होता.

त्याच आठवड्यात एका जुन्या घराच्या पडवीतला दिवा काढायचे काम आले. दुपारचे ऊन डोळे दिपवणारे होते. बद्रीनाथने आत जाऊन बोर्डातले एक बटण खाली पाडले. "बंद केलंय. काढ."

"मीटर गाडीत हाय भाऊ, आणतो."

"गाडी कोपऱ्यावर लावलीय. तुझं ते गुलमंडीचं खेळणं हाय ना खिशात? लाव की."

"भाऊ, ते इथं चालत नाय. परीक्षेत—"

"परीक्षा पास झालास म्हणून मला शिकवतो व्हय रे? सही पाहिजे का नको?"

आकाश प्लॅस्टिकच्या शिडीवर उभा होता, पायात जाड रबरी तळाचे बूट. त्याने मला खिशातून काढले आणि तारेला लावले. बद्रीनाथने चुकीचे बटण पाडले होते. तारेत वीज होती. पण ती आकाशच्या बोटातून उतरणार कुठे? खाली रबर, त्याखाली प्लॅस्टिक.

मी लागलो होतो, मित्रांनो. केसाएवढा. त्या उन्हात तो उजेड कुणालाच दिसला नाही. मी जीव एकवटला, पण टेस्टरला ओरडता येत नाही.

"नाय लागत भाऊ, बंद हाय," आकाश म्हणाला आणि दिव्यातून सोडवलेली तार प्लॅस्टिकच्या आवरणाला धरून त्याने खाली दिली. बद्रीनाथने तिचे उघडे टोक उजव्या हातात घेतले. त्याचा डावा हात पडवीच्या लोखंडी पाइपावर होता. जुने घर. झटका लागताच आपोआप वीज तोडणारे बटण तिथे नव्हते. बद्रीनाथची मूठ तारेवर मिटली आणि उघडेना. त्याच्या तोंडून निघालेला आवाज मला सांगता येणार नाही. आकाशने शिडीवरून उडी मारली, आत धावला आणि मुख्य बटण पाडले. बद्रीनाथ वाचला. आकाशनेच वाचवला.

चौकशीच्या माणसांनी मला एका पिशवीत घातले. बद्रीनाथने लिहून दिले की आकाशने मनाई असलेला टेस्टर त्याला न सांगता वापरला. आकाशला विचारले तेव्हा तो खरे बोलला: टेस्टर माझाच, बंद आहे असे मीच म्हणालो. भाऊंनी लावायला सांगितले, हेही तो बोलला. ते कुणी लिहून घेतले नाही. काही दिवसांनी मला परत दिले, पण मला अजून वाटते, ठेवून घेतले असते तर बरे झाले असते.

व्हिसा संपायला दोन दिवस उरले तेव्हा आकाश वही घेऊन दवाखान्यात गेला. बद्रीनाथ उशीला टेकून बसला होता. उजव्या हाताला खांद्यापर्यंत पट्टी. दोन बोटे आता वळणार नव्हती.

"भाऊ, माझी लेक शाळेतून काढलीय. वर्षभर मी काम केलंय, तुम्ही बघितलंय. एवढी सही द्या."

बद्रीनाथने पट्टीचा हात हळूहळू वर केला आणि वहीवर ठेवला.

"घे," तो म्हणाला. "हातात पेन दे अन् घे करून."

आकाश पेन धरून उभा राहिला. मग त्याने वही बद्रीनाथच्या हाताखालून, पट्टीला धक्का लागू न देता, काढून घेतली आणि बाहेर आला.

आता आम्ही मुकुंदवाडीत आहोत. राजनंदिनीला दुसऱ्या शाळेत घातले आहे. गल्लीतले लोक "ऑस्ट्रेलियावाले" अशी हाक मारतात आणि आकाश ओ देतो. परवा घरातली लाइट गेली. अमृता म्हणाली, "बघा की जरा." आकाशने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाला, "सत्यमला बोलाव."

सत्यम आता या भागातला वायरमन. तो आला, टेस्टर विसरला होता, अमृताने मला काढून दिले. बाहेरून येणाऱ्या तारेला टेकताच मी लख्ख लागलो.

"अरे वा! झकास हाय की दादा. देता का मला?"

"घेऊन जा," आकाश म्हणाला. "पण एक ऐक. ह्याचा दिवा लागला तर खरं मान. नाय लागला तर काहीच मानू नको. मीटर आण."

सत्यम हसला. "लायसन झालं नाय म्हणून टेस्टरवर राग काढायलात व्हय दादा?" आणि मला खिशात खोचून तो गेला.

मित्रांनो, सत्यम वाईट माणूस नाही. तो फक्त ऐकणारा नाही. पण तुमच्या घरी वायरमन आला, त्याने मला तारेला लावले, मी गप्प राहिलो आणि तो हात पुढे करू लागला, तर तुम्ही लांब उभे राहून त्याला मोठ्याने थांबवा. आधी मीटर आणा, म्हणा. तो तुम्हाला हसेल. हसू द्या.