मागल्या पायरीची खिडकी

क्लिफर्ड एंटविसलच्या शेडचा सगळ्या मळ्यांत दरारा होता. गॅसच्या कारखान्यामागची ती जमीन पालिकेने तुकडे पाडून लोकांना भाजीपाल्यासाठी भाड्याने दिलेली. प्रत्येकाच्या तुकड्यावर एक शेड होती, पण कोणाची म्हणजे गंजके पत्रे आणि वर डांबरी कागद, कोणाची म्हणजे जुनी कपाटं एकमेकांना टेकवून उभी केलेली. क्लिफर्डची शेड रेल्वेच्या डब्यांच्या दारांची होती. तो रेल्वेच्या यार्डात कामाला होता, आणि जुने डबे मोडीत निघाले तेव्हा त्याने दारं नेमकी हेरून उचलली होती. पितळी मुठी अजून लखलखत होत्या. दर रविवारी सकाळी चॅपलमधली प्रार्थना सुटली की चार-पाच जण त्याच्याकडे स्टोव्हवरचा चहा प्यायला जमत, आणि क्लिफर्ड त्यांना शेड कशी बांधावी ते सांगे.

त्याची बायको एडना मात्र तिथे फिरकत नसे. "तिला मातीची आवड नाही," असं तो सगळ्यांना सांगायचा. सांगता सांगता त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं.

त्या वर्षी मार्चमध्ये शेजारचा तुकडा विनी हॉलरॉइडने घेतला. विनी म्हणजे बेकरीवाल्या हॉलरॉइडची विधवा. अंगाने दणकट, आवाजाने त्याहून दणकट, आणि अंगात मेलेल्या नवऱ्याची विजार, कमरेला सुतळीने आवळलेली. पहिल्याच दिवशी ती कुंपणापाशी येऊन म्हणाली, "मिस्टर एंटविसल, शेड कशी बांधतात हो?"

क्लिफर्डला गुदगुल्या झाल्या. पाया, चौकट, छपराचा उतार, सगळं त्याने तासभर समजावलं. विनीने मान डोलावली आणि त्यातलं काहीएक केलं नाही. पाडायला काढलेल्या दुसऱ्या एका जुन्या चॅपलमधली बाकं तिने हातगाडीवर घालून आणली आणि त्यांच्याच फळ्यांची एक भिंत केली. बंद पडलेल्या शाळेचे दोन काळे फळे आणून दुसरी भिंत उभी केली. पाया म्हणून जुन्या पायरीचे दगड. ते वाकडंतिकडं बांधकाम बघून क्लिफर्ड मनातल्या मनात हसत होता.

मग एका शनिवारी तो कांद्याची रोपं घेऊन आला, तर विनीच्या छपरावर कोणीतरी पाठमोरं बसून पत्रे ठोकत होतं. डोक्याला रुमाल, तोंडात खिळे. त्याने दुसऱ्यांदा पाहिलं आणि रोपांची पेटी खाली ठेवली.

"एडना?"

एडनाने तोंडातले खिळे काढले. "अरे, आलास? तो हातोडा दे बघू खालचा. हा हलका पडतोय."

"तू वर काय करतेयस?"

"दिसत नाही का? पत्रे ठोकतेय."

"पडशील!"

"पडले तर विनी झेलेल," एडना म्हणाली. खालून विनी खो खो हसली. "झेलीन की! पिठाची पोती झेलण्यात जन्म गेला माझा."

क्लिफर्डने हातोडा वर दिला आणि आपल्या कांद्यांकडे गेला. त्या दिवशी एकही ओळ सरळ लागली नाही.

त्यानंतर घरात विनीशिवाय दुसरा विषय उरला नाही. विनी म्हणाली दार हिरवं करू. विनी म्हणाली काळ्या फळ्याची भिंत आतून तशीच ठेवू, खडूने काय काय पेरलं ते लिहिता येईल. एडनाच्या केसांत रंग, नखांत डांबर, आणि चेहऱ्यावर असं काही की क्लिफर्डला तिच्याकडे बघवेना. ती इतकी खुश आहे हेच त्याला खुपत होतं. दुसरा पुरुष असता तर निदान गचांडी धरता आली असती. बेकरीवाल्याच्या विधवेचं काय करणार?

त्यात रविवारच्या चहाची माणसं गळायला लागली. एक दिवस त्याचा जुना मित्र सेथ ग्रीनहॉल्ग एकटाच आला. तोही कप संपवून उठला.

"जरा पलीकडे डोकावून येतो, गड्या. विनीने जिंजर केक आणलाय म्हणे."

"शेड बघायला चाललास की केक खायला?"

"दोन्ही," सेथ म्हणाला. "आणि खरं सांगू? तुझी शेड झकास आहे, पण इथे आलं की परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

क्लिफर्डच्या अंगाचा तिळपापड झाला. पलीकडून हसण्याचे आवाज येत राहिले आणि तो पितळी मुठी घासत राहिला.

जूनमध्ये एकदा जेवताना एडनाने सुरी-काटा खाली ठेवला. "कोण भेटलं ओळख. मोडीच्या अड्ड्यात आपली सत्तेचाळीस नंबरची बस आलीय."

लग्नाआधी एडना त्या बसवर कंडक्टर होती. लढाईत पुरुष गेले तेव्हा लागली आणि लढाई संपल्यावरही टिकली. तिथेच त्याने तिला पाहिलं. मागच्या उघड्या पायरीवर ती उभी असे, खांद्याला चामडी पिशवी, आणि चढणाऱ्या प्रत्येकाशी तिची काहीतरी थट्टा चाले. तिच्या त्याच थट्टेवर तो भाळला होता, आणि लग्न ठरल्यावर तीच त्याला सहन होईना. ड्रायव्हर तिच्याकडे बघून शीळ घालायचा म्हणे. "एंटविसलच्या बायकोला लोकांची तिकिटं फाडायची गरज नाही," असं त्याने तेव्हा ठणकावलं होतं. एडनाने पिशवी डेपोत परत केली होती. रडली नव्हती, भांडलीही नव्हती.

"बसचे तुकडे करतायत," एडना सांगत होती. "मागच्या पायरीजवळची खिडकी अजून धड आहे. गोल कोपऱ्यांची. मी तिलाच टेकून उभी राहायचे. अड्ड्यावरचा डग म्हणाला शनिवारपर्यंत ठेवतो. आमच्या शेडला तेवढी एक खिडकीच राहिलीय."

आमच्या. हा शब्द क्लिफर्डच्या घशात माशाच्या काट्यासारखा रुतला.

शुक्रवारी कामावरून सुटल्यावर तो सरळ मोडीच्या अड्ड्यात गेला. डगला म्हणाला, "बायकोने पाठवलंय, ती खिडकी घेऊन ये म्हणून." डगने चौकटीसकट खिडकी काढून दिली. क्लिफर्डने ती पोत्यांत गुंडाळून आपल्या शेडमागे, खताच्या ढिगाआड लपवली. घरी जाताना त्याने दोनदा मागे वळून पाहिलं. पण खोटं कशाला बोला, आत कुठेतरी गारही वाटत होतं.

शनिवारी एडना रिकाम्या हाताने परतली.

"काय झालं?" त्याने वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारलं.

"गेली. कोणीतरी आधीच नेली."

"अरेरे. लोकांना काही धरबंद नाही."

"नाही ना," एडना म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

विनीच्या शेडमधल्या त्या भोकाला त्यांनी पुठ्ठा लावला. जुलैचा पाऊस आडवा आला, पुठ्ठा भिजून लोंबला, आतल्या काळ्या फळ्यावरचं लिहिलेलं सगळं वाहून गेलं. दोघी कुरकुरल्या नाहीत. दुसरा पुठ्ठा लावला. क्लिफर्डला मात्र झोप लागेना. खिडकी वापरताही येईना, टाकताही येईना. आणि मग एक दिवस त्याला वाटलं की आपण वाईट केलंच नाही. उलट, खिडकी आपल्या शेडला बसवू, दोन खुर्च्या मांडू आणि एडनाला बोलावू. तिला आनंदाचा धक्का बसेल. ती इथे बसेल, आपल्या शेडमध्ये, आपल्याबरोबर. जितका विचार केला तितका त्याला हा बेत सरळ वाटू लागला. माणूस स्वतःची समजूत काढायला बसला की त्याच्याइतका चतुर वकील नाही.

आपल्या सर्वांत देखण्या भिंतीला त्याने करवत लावली. डब्याचं एक दार मधोमध कापलं. खिडकी अशी बसवली की सुईसुद्धा शिरू नये. काच पुसली, खुर्च्या मांडल्या, दुधाच्या बाटलीत स्वीट पीची सुगंधी फुलं ठेवली. रविवारी दुपारी कुंपणाशी जाऊन म्हणाला, "एडना, जरा ये. तुला काहीतरी दाखवायचंय."

एडना हात पुसत आली. दारातून आत आली आणि थांबली. खिडकीच्या गोल कोपऱ्यावरून तिने एकदा बोट फिरवलं.

"छान बसवलीयस," ती म्हणाली.

"तुझ्यासाठीच आणली. म्हटलं, तुला चकित करावं."

"मी चकित झाले होते. डगने त्याच शनिवारी सांगितलं मला. 'तुमचाच माणूस काल घेऊन गेला, बाई.'"

क्लिफर्डच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. "मग इतके दिवस मिठाची गुळणी धरून बसलीस?"

"वाट बघत होते. म्हटलं, आज आणून देईल, उद्या देईल."

"पण ही इथेही तुझीच आहे ना! ये, बस इथे. तिकडे त्या पुठ्ठ्यात काय बसतेस? त्या बाईत असं आहे तरी काय? माझ्या शेडमध्ये तू कधी पाऊल टाकलं नाहीस, आणि तिच्या छपरावर चढतेस!"

"टाकलं होतं," एडना म्हणाली. "पहिल्याच उन्हाळ्यात. तू कामावर होतास. मी तुझे सगळे खिळे मापाप्रमाणे डब्यांत लावून ठेवले. तू आलास आणि एक अक्षर न बोलता सगळे परत ओतून तुझ्या पद्धतीने लावलेस. मी इथेच उभी होते, या दारात."

त्याला ते अजिबात आठवत नव्हतं.

"विनी मला विचारते, हे कुठे लावू? मी सांगते, आणि ती तिथे लावते. एवढंच आहे तिच्यात. आणि तू! मला बसवरून उतरवलंस तेव्हाही म्हणालास, तुझ्यासाठीच करतोय."

"तो माणूस शीळ घालत होता!" क्लिफर्ड ओरडला. इतक्या वर्षांनीही त्याचा आवाज चिरकला.

"अरे, तो कुत्र्यालासुद्धा शीळ घालायचा."

"मग घेऊन जा तुझी खिडकी! काढ आणि ने!"

"मी नाही काढणार. तू लावलीस, तू काढ," एडना म्हणाली आणि निघून गेली.

तो आठवडा त्या घरात दोन परकी माणसं राहत होती. टेबलावर उकडलेले बटाटे यायचे, ताटं उचलली जायची. क्लिफर्ड यार्डात चुकीच्या रुळावर डबे सोडता सोडता वाचला. एडनाशी भांडण जिंकायला त्याच्याजवळ बरीच वाक्यं होती. संध्याकाळी तो ती म्हणून बघायचा, आणि प्रत्येक वाक्यात 'मी' आणि 'माझं' सोडून काही सापडायचं नाही.

रविवारी चॅपल सुटून सगळे मळ्यावर आले होते तेव्हाच त्याने खिडकी काढली. तिन्हीसांजेला, कोणी नसताना, नेता आली असती. नेली नाही. हातगाडीवर पोतं अंथरलं, खिडकी ठेवली आणि मधल्या वाटेने ढकलत निघाला. सेथने टोपी मागे सारून पाहिलं. कोणीतरी खाकरलं.

विनी दारात उभी होती. "या, मिस्टर एंटविसल. आमच्या खिडकीला तुमच्याकडे करमलं का?"

"नाही करमलं," क्लिफर्ड म्हणाला. "मी ती तुमच्याकडून चोरली होती, मिसेस हॉलरॉइड."

"ठाऊक आहे. चला, उचला दुसऱ्या बाजूने, नुसते उभे काय राहता!"

एडना आतून आली. हातात स्क्रू आणि पेचकस. क्लिफर्डने बाहेरून काच पेलली आणि ती आतून स्क्रू पिळायला लागली. काचेच्या अल्याड-पल्याड दोघांची तोंडं हातभर अंतरावर होती. चौकट डावीकडे उतरत होती. त्याला ते स्पष्ट दिसत होतं. "जरा वर..." एवढं तोंडातून निसटलं.

एडनाने मान वर करून पाहिलं.

"काही नाही," तो म्हणाला. "धरलीय मी."

खिडकी वाकडीच बसली, आणि वाकडीच राहिली. विनीने सगळ्यांना केक वाटला, त्यालाही दिला. आत बसायला मात्र कोणी म्हटलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

आपल्या शेडच्या भोकावर त्याने एक फळी ठोकली. पुढच्या रविवारी सेथ तिथे टेकून बसला आणि म्हणाला, "आता बरं वाटतं बघ इथे. माणसाची वाटते शेड." क्लिफर्डला यात आनंद मानावा की राग, ते कळलं नाही. त्याने चहा ओतला.

मत्सर काही खिडकीबरोबर गेला नाही. पलीकडून दोघींचं हसू आलं की त्याच्या हातातलं खुरपं थांबायचं, आणि बायको आपल्याजवळ कधी इतकी हसत नाही की आपणच तिला हसवत नाही, हा हिशेब पुन्हा सुरू व्हायचा. पण आता तो उठून कुंपणाशी जात नसे. खुरपं पुन्हा चालू करायचा.

सप्टेंबरात कांदे काढून झाले. जोराची सर आली तेव्हा तो पलीकडच्या हिरव्या दारापाशी होता, हातात दोऱ्यात ओवलेले कांदे. त्याने दार वाजवलं.

"कोण आहे?" आतून विनीचा आवाज.

"मी. क्लिफर्ड. आत येऊ का?"

आत खुर्ची सरकली. मग एडना म्हणाली, "बाहेर पाय पूस आणि ये. आणि ते कांदे कुठे टांगायचे ते मी सांगते."